सर जॉन हर्शेल

सर जॉन हर्शेल यांचा जन्म ७ मार्च १७९२ रोजी इंग्लंडमधील स्लाउ येथे झाला. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे वडील. विल्यम यांनी सुमारे अडीच हजार अभ्रिका व तारकागुच्छ नोंदविले होते. परंतु इंग्लंडमधून न दिसणारे दक्षिण आकाश राहून गेले. १८२२ मध्ये पित्याचे निधन झाल्यावर ते अपुरे कार्य पुत्राने आपले मानले.

१८३३ च्या नोव्हेंबरात वीस फुटी दुर्बीण घेऊन जॉन सहकुटुंब केप ऑफ गुड होपकडे निघाले. तेथे चार वर्षे त्यांनी आकाशाचा पट्ट्यापट्ट्याने शोध घेतला. दुर्बिणीचा धातूचा आरसा काळवंडे. तो ते स्वतः घासून उजळीत. १८३५ मध्ये यमुना तारकासमूहात त्यांना एक अभ्रिका आढळली. आज ती एनजीसी १३०० या नावाने ओळखली जाते. सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली ही दंडयुक्त सर्पिल दीर्घिका होय : मध्ये ताऱ्यांचा सरळ दंड आणि त्याच्या टोकांपासून निघालेल्या दोन वक्र भुजा. हर्शेल यांना मात्र हे स्वरूप कळले नाही.

केपमधील निरीक्षणे १८४७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ११ मे १८७१ रोजी ते निवर्तले.

अशा दीर्घिकांचे दंड व भुजा पुढे छायाचित्रांच्या काचांवर स्पष्ट झाल्या. त्या काचांवरील प्रतिमा टिकविणाऱ्या ‘हायपो’ या रसायनाचा चांदीचे क्षार विरघळविण्याचा गुण १८१९ मध्ये हर्शेल यांनीच दाखवून दिला होता. जे त्यांच्या डोळ्यांना दिसले नाही, ते इतरांना दिसण्याची सोय त्यांनीच करून ठेवली होती.