खाटेवरून दिलेलं मत

११ नोव्हेंबर १९५१. आर्जेंटिनातल्या बायका देशाच्या निवडणुकीत पहिल्यांदाच मत देत होत्या. ज्या बाईनं त्यांच्या मताधिकारासाठी रान उठवलं, तीच मतदान केंद्रावर जाऊ शकली नाही. पाच दिवसांपूर्वी तिचं मोठं ऑपरेशन झालेलं. शेवटी मतपेटीच तिच्या खाटेपाशी आणली गेली. ही एव्हा पेरॉन, लोकांची लाडकी एव्हिता. मॅडोनाचा सिनेमा काही जणींनी पाहिलाही असेल. त्यात गाणीच फार. उपचारांचं फारसं कळत नाही.

जन्म ७ मे १९१९ चा, लोस तोल्दोस या आडगावातला. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, वडिलांचा रीतसर संसार दुसरीकडे. लोकांना टोमणे मारायला एवढं पुरे! पंधराव्या वर्षी तिनं ब्वेनोस आयर्स गाठलं, रेडिओवर नाटकं केली. १९४५ मध्ये हुआन पेरॉन यांच्याशी लग्न, पुढच्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष. १९४७ मध्ये बायकांच्या मताधिकाराचा कायदा झाला. तिच्या संस्थेनं गरिबांसाठी दवाखाने काढले, बायकांना शिलाई मशिनं वाटली.

जानेवारी १९५० मध्ये ती कार्यक्रमात चक्कर येऊन पडली. अपेंडिक्स काढलं. पण अशक्तपणा जाईना, अंगावरून रक्त जाऊ लागलं. १९५१ मध्ये निदान झालं, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तोही पुढे गेलेला. पेरॉन यांची पहिली बायकोसुद्धा १९३८ मध्ये गर्भाशयाच्याच कॅन्सरनं गेली होती. हा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, हे मात्र कितीतरी वर्षांनी समजलं.

तिला काय काय उपचार दिले? आधी आतून रेडियम ठेवलं. मग ६ नोव्हेंबरला ऑपरेशन. त्यासाठी न्यूयॉर्कहून जॉर्ज पॅक हे नामवंत सर्जन आले. तिला भूल दिल्यावर ते आत शिरले, ती शुद्धीवर यायच्या आत बाहेर पडले. आपल्या पोटाला कुणाचा हात लागला हे तिला कधीच कळलं नाही. आजाराचं नावसुद्धा तिला कुणी सांगितलं नाही. राष्ट्राध्यक्षांच्या बायकोची ही गत!

नंतर बाहेरून रेडिएशन दिलं. आपल्याकडे काही जण याला शेक देणं म्हणतात. तरीही आजार उलटला. तेव्हा नायट्रोजन मस्टर्ड हे औषध शिरेतून दिलं. युद्धातल्या विषारी वायूच्या कुळातलं हे औषध, केमोथेरपीची ती अगदी सुरुवात. उपयोग झाला नाही.

आज अशा बाईला वेगळं काय मिळालं असतं? आजार ओटीपोटातच पसरलेला असेल, तर मुख्य भिस्त अजूनही रेडिएशनवरच असते, बाहेरून आणि आतूनही. केमो एकटी तिची जागा घेऊ शकत नाही. पण रेडिएशन चालू असतानाच आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिन हे केमोचं औषध दिलं, तर किरणांचा मारा जास्त लागू पडतो. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं हे तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांमध्ये तपासलं, निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. नुसतं रेडिएशन मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनी शंभरात ४६ जणी हयात होत्या, दोन्ही मिळालेल्यांत ५४. फरक आठ बायकांचा. ज्या घरातली बाई त्या आठांत असेल, त्यांना विचारा हा फरक केवढा! अर्थात सिस्प्लाटिननं मळमळतं, मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून रक्ततपासण्या आणि भरपूर पाणी ओघानं आलंच. आणि आजार फुप्फुसं, यकृत असा लांब पोचला असेल, तर मात्र केमो पुढे होते. रेडिएशन तेव्हा दुखणं किंवा रक्तस्राव कमी करण्यापुरतं.

एव्हाच्या वेळी किरण होते, केमोही होती. दोन्ही एकत्र चालवायचं शहाणपण अजून यायचं होतं.

४ जून १९५२ ला नवऱ्याच्या दुसऱ्या शपथविधीला ती उघड्या मोटारीत उभी राहिली. वजन चाळीस किलोच्याही खाली गेलं होतं. फरच्या कोटाआड आधाराचा सांगाडा बांधला होता, असं सांगतात. २६ जुलैला ती गेली. वय तेहतीस.