लेओनीद मासीन

लेओनीद मासीन (मूळ नाव : लिओनीद फ्योदोरोविच म्यासिन, जन्म : मॉस्को, ९ ऑगस्ट १८९६, मृत्यू : बॉर्केन, पश्चिम जर्मनी, १५ मार्च १९७९) हे रशियन बॅले नर्तक व नृत्यरचनाकार होते. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात युरोप व अमेरिकेतील अग्रगण्य नृत्यरचनाकारांत त्यांची गणना होत असे. पिकासो, मातीस, दाली, शागाल यांसारख्या चित्रकारांनी त्यांच्या बॅलेंचे नेपथ्य रंगविले, तर स्त्राविन्स्की, साती, फाया, हिंदेमिथ यांनी त्यांच्यासाठी संगीत रचले. असे असूनही त्यांच्या बहुसंख्य रचना आज रंगमंचावर दिसत नाहीत. त्या का मागे पडल्या, याचा उलगडा त्यांच्या चरित्रातूनच होतो.

बालपण व शिक्षण

मासीन यांचे वडील मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरच्या वाद्यवृंदात हॉर्नवादक होते आणि आई तेथीलच गायकवृंदात गात असे. वयाच्या आठव्या वर्षी, १९०४ साली, ते मॉस्कोच्या राजकीय नाट्यशाळेत दाखल झाले. तेथे नृत्याबरोबरच अभिनयाचेही शिक्षण मिळे. त्यांना अभिनयाची ओढ अधिक होती आणि माली थिएटरच्या नाटकांत ते लहानपणापासून कामे करीत. १९१२ मध्ये शिक्षण संपवून ते बोल्शोईत नर्तक म्हणून रुजू झाले, तरी नट व्हावे की नर्तक, हा प्रश्न त्यांच्या मनात सुटलेला नव्हता. त्यांचे पाय किंचित बाकदार होते. अभिजात बॅलेच्या नायकाला लागणारी सरळ, डौलदार रेषा त्यांच्या शरीरात नव्हती. या उणिवेची भरपाई त्यांनी वेग, लय आणि डोळ्यांतील भाव यांनी केली. पुढे त्यांच्या रचनांतही हेच गुण उतरले.

दियागिलेव यांच्या संस्थेत

‘बॅले रूस’ या विख्यात संस्थेचे संचालक सेर्गेई दियागिलेव १९१३ च्या अखेरीस मॉस्कोत आले. त्याच वर्षी निजिन्स्की यांनी विवाह केला म्हणून दियागिलेव यांनी त्यांना संस्थेतून काढून टाकले होते आणि नव्या बॅलेतील जोसेफच्या भूमिकेसाठी त्यांना तरुण नर्तक हवा होता. त्यांची निवड मासीन यांच्यावर पडली. १४ मे १९१४ रोजी पॅरिसमध्ये ती भूमिका रंगमंचावर आली. म्यासिन या रशियन आडनावाचे मासीन हे फ्रेंच वळणाचे रूपही दियागिलेव यांनीच दिले. एन्रिको चेकेत्ती यांच्याकडे त्यांची नृत्याची तालीम नव्याने सुरू झाली. शिवाय दियागिलेव त्यांना इटलीतील चित्रसंग्रहालयांतून हिंडवीत. फ्लॉरेन्सला सिमोने मार्तिनी यांच्या एका धर्मचित्रासमोर उभे असताना आपण बॅले रचू शकू, असे प्रथम वाटल्याचे मासीन यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. त्यांच्या बॅलेंतील समूहांची मांडणी पाहता या आठवणीवर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

‘सोलेय द न्वी’ (१९१५) ही त्यांची पहिली रचना. १८ मे १९१७ रोजी पॅरिसमध्ये ‘पराद’ सादर झाले. त्याची कल्पना झाँ कोक्तो यांची, संगीत एरिक साती यांचे आणि नेपथ्य-वेशभूषा पिकासो यांची होती. टंकलेखन यंत्राचा खडखडाट आणि भोंग्यांचे आवाज ज्यात मिसळले आहेत असे ते संगीत ऐकून प्रेक्षकांत गोंधळ माजला. चिनी जादूगाराची भूमिका स्वतः मासीन यांनी केली. १९१९ साली लंडनच्या अल्हाम्ब्रा थिएटरमध्ये ‘ला बुतीक फांतास्क’ आणि ‘ल त्रिकोर्न’ या दोन रचना अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने आल्या. पहिलीत त्यांच्यासमवेत लिदिया लोपोकोवा नाचली. पुढे ती अर्थशास्त्रज्ञ केन्स यांची पत्नी झाली.

‘ल त्रिकोर्न’मागे एक करुण कथा आहे. स्पेनच्या दौऱ्यात संस्थेची गाठ फेलिक्स फर्नांदेझ गार्सिया या तरुण फ्लामेंको नर्तकाशी पडली. त्याच्याबरोबर दियागिलेव, फाया आणि मासीन स्पेनमध्ये हिंडले, लोकनृत्ये पाहिली आणि मासीन त्याच्याकडून फ्लामेंको शिकले. फेलिक्स त्यांच्याबरोबर लंडनला गेला. नव्या बॅलेत मुख्य भूमिका आपल्यालाच मिळणार अशी त्याची समजूत होती, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात गिरणीवाल्याची ती भूमिका मासीन यांनी केली. पहिल्या प्रयोगापूर्वीच फेलिक्सला वेड लागले. त्याला इंग्लंडमधील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १९४१ साली मृत्यू येईपर्यंत तो तेथेच होता. गिरणीवाल्याचे फारुका हे एकल नृत्य मात्र मासीन यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. त्यांच्यानंतर अनेकांनी ती भूमिका केली, पण मूळ नर्तकाशी तुलना चुकली नाही.

१९२० साली मासीन यांनी स्त्राविन्स्की यांच्या ‘साक्र द्यू प्रेंतां’ या संगीतावर नवे नृत्य रचले. याच संगीतावर १९१३ मध्ये निजिन्स्की यांनी केलेले नृत्य तोवर थोड्याच वेळा सादर झाले होते आणि अवघ्या सात वर्षांत ते बसवून घेण्याइतके कोणाच्याही स्मरणात उरले नव्हते. नाटकाची संहिता छापून राहते, गाण्याची स्वरलिपी राहते. नृत्य मात्र नाचणाऱ्यांच्या अंगात राहते आणि नाचणारे पांगले की तेही विरते. मासीन यांना ही संधी या विस्मृतीमुळेच मिळाली. पुढे त्यांच्या स्वतःच्या रचनांवरही हीच वेळ यायची होती.

१९२१ मध्ये संस्थेतील इंग्रज नर्तकी व्हेरा साविना हिच्याशी त्यांनी विवाह केला आणि निजिन्स्कींप्रमाणेच त्यांनाही संस्था सोडावी लागली. १९२५ ते १९२८ या काळात ते पुन्हा दियागिलेव यांच्यासाठी काम करीत होते. त्यानंतर न्यूयॉर्कच्या रॉक्सी थिएटरमध्ये दिवसाला अनेक खेळ आणि दर आठवड्याला नवा कार्यक्रम अशी दमछाक करणारी नोकरी त्यांनी केली. १९२९ मध्ये दियागिलेव यांचे निधन झाले व ‘बॅले रूस’ बंद पडली.

सिंफनींवरील बॅले

१९३२ मध्ये कर्नल द बाझिल आणि रने ब्लुम यांनी माँटे कार्लो येथे नवी रशियन बॅले संस्था उभारली. तिचे पहिले नृत्यरचनाकार जॉर्ज बालांचिन होते. वर्षभरातच त्यांच्या जागी मासीन आले आणि बालांचिन यांनी १९३३ च्या अखेरीस अमेरिकेची वाट धरली. त्या वेळी ही पदोन्नती मासीन यांची होती. काळाने निकाल उलटा दिला.

१३ एप्रिल १९३३ रोजी माँटे कार्लो येथे ‘ले प्रेझाज’ रंगमंचावर आले. चायकोव्हस्की यांच्या पाचव्या सिंफनीवर रचलेल्या या बॅलेत कृती, वासना, चंचलता आणि नियती अशी पात्रे होती. माणूस व नियती यांचा झगडा हा त्याचा विषय होता. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला लंडनमध्ये ब्राम्स यांच्या चौथ्या सिंफनीवरील ‘कोरेआर्तियम’ आले. त्यात कथा नव्हती आणि प्रतीकेही नव्हती. एका वेळी अनेक गट वेगवेगळ्या गतीने हलत, मिसळत आणि विलग होत. नृत्याविना पूर्ण असलेल्या संगीतावर नृत्य चढवावे काय, यावर इंग्लंडमधील संगीतसमीक्षकांत मोठा वाद झाला. अर्नेस्ट न्यूमन यांच्यासारख्या ज्येष्ठ समीक्षकाने मासीन यांची बाजू घेतली. बेर्लियोझ यांच्या ‘सिंफनी फांतास्तीक’वरील बॅले १९३६ मध्ये, बेथोव्हेन यांच्या सातव्या सिंफनीवरील १९३८ मध्ये, तर शोस्ताकोविच यांच्या पहिल्या सिंफनीवरील ‘रूज ए न्वार’ १९३९ मध्ये सादर झाले. मासीन यांच्या कार्यातील सर्वांत धाडसी भाग हाच होय आणि सर्वाधिक हानीही याच भागाची झाली.

न्यायालयीन वाद

द बाझिल यांच्याशी मतभेद झाल्यावर मासीन यांनी संस्था सोडण्याचे ठरविले. जाताना आपल्या रचना बरोबर नेता याव्यात म्हणून १९३७ मध्ये त्यांनी लंडनच्या न्यायालयात दावा लावला. १९३२ पूर्वीच्या रचनांवर त्यांचा हक्क मान्य झाला. द बाझिल यांच्या नोकरीत असताना केलेल्या रचना मात्र संस्थेच्या ठरल्या. म्हणजे ‘ले प्रेझाज’ आणि ‘कोरेआर्तियम’ यांचे रचनाकार मासीन असले, तरी त्यांच्या प्रयोगांवर त्यांची सत्ता उरली नाही. १९३८ साली ते नव्या ‘बॅले रूस द माँटे कार्लो’ संस्थेचे कलासंचालक झाले. तेथे ऑफेनबाख यांच्या संगीतावरील ‘गेते पारिझियेन’ ही त्यांची सर्वांत लोकप्रिय रचना आली. पण त्यांच्या दोन थोर रचना द बाझिल यांच्या संस्थेबरोबर ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिकेत फिरत राहिल्या. रचनाकाराच्या देखरेखीविना त्या चालू होत्या. १९५१ मध्ये द बाझिल यांचे निधन झाले, संस्था मोडली आणि त्या रचना ज्यांच्या अंगात होत्या ते नर्तक जगभर विखुरले.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मासीन अमेरिकेत होते. शागाल यांच्या नेपथ्यासह ‘आलेको’ (१९४२) हे त्या काळातील त्यांचे उल्लेखनीय काम. युद्धानंतर ते युरोपात परतले. ‘द रेड शूज’ (१९४८) या चित्रपटातील जोडे शिवणाऱ्याच्या नृत्यामुळे बॅले न पाहणाऱ्या लाखो लोकांना त्यांचा चेहरा परिचित झाला. इटलीतील पोसितानोजवळ ली गाल्ली ही लहानशी बेटे त्यांनी १९२० च्या दशकातच विकत घेतली होती. तेथे कलाकेंद्र उभारण्याचे त्यांचे स्वप्न होते, पण ते तडीस गेले नाही. त्यांच्यानंतर ती बेटे रुडॉल्फ नुरेयेव यांनी घेतली. १९६८ मध्ये आत्मचरित्र व १९७६ मध्ये नृत्यरचनेच्या सिद्धान्तावरील ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला.

प्रयोग दुर्मीळ होण्याची कारणे

मासीन यांच्या रचना जुन्या झाल्या म्हणून पडल्या, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. अभिरुची बदलली हे खरे. १९४० नंतर बालांचिन यांनी कथा, प्रतीके व भारी वेशभूषा बाजूला सारून केवळ संगीत आणि शरीर यांवर बॅले उभा केला. त्याच्याशेजारी नियती आणि वासना यांची पात्रे प्रेक्षकांना भाबडी वाटू लागली. न्यूयॉर्कचे समीक्षक एडविन डेन्बी यांना मासीन यांच्या रचनांतील सततची धावपळ खटकत असे. पण ‘कोरेआर्तियम’मध्ये कथा नव्हतीच. तरीही ते पडले, तेव्हा केवळ अभिरुचीवर बोट ठेवून भागत नाही.

महत्त्वाचा फरक घराचा होता. बालांचिन यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कला शाळा काढली आणि १९४८ मध्ये ‘न्यूयॉर्क सिटी बॅले’ उभी राहिली. त्यांच्या मृत्यूनंतर १९८७ मध्ये स्थापन झालेला न्यास त्यांच्या रचना बसविण्यासाठी जाणकार माणसे पाठवितो. लंडनमध्ये फ्रेडरिक ॲश्टन यांना ‘रॉयल बॅले’चा आधार होता. मासीन यांच्याजवळ स्वतःची शाळा नव्हती आणि टिकाऊ संस्थाही नव्हती. ते जन्मभर दुसऱ्यांच्या संस्थांत काम करीत राहिले. ज्या संस्थांसाठी त्यांनी उत्तम रचना केल्या त्या सर्व बंद पडल्या. ‘बॅले रूस द माँटे कार्लो’ही १९६० च्या दशकात संपली.

विशेष म्हणजे नृत्य जतन करण्याबाबत मासीन निष्काळजी नव्हते. आपल्या रचनांचे चित्रीकरण ते १९३० च्या दशकापासून करून ठेवीत आणि हा संग्रह आता न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. परंतु त्या चित्रफिती बहुधा मूक आहेत. कोणती हालचाल संगीताच्या कोणत्या मात्रेवर पडते हे त्यांवरून ठरविणे फार अवघड जाते. ‘गेते पारिझियेन’ची जी पूर्ण चित्रफीत आज पाहायला मिळते, ती एका चाहत्याने दहा वर्षे निरनिराळ्या प्रयोगांना जाऊन चोरून तुकड्यातुकड्यांनी टिपलेली आहे.

खर्चाचाही प्रश्न आहेच. सिंफनीसाठी पूर्ण वाद्यवृंद लागतो, शिवाय समूहातील नर्तकही मोठ्या संख्येने हवेत. त्यातही मासीन यांच्या भूमिका विशिष्ट व्यक्तींच्या अंगलटीनुसार बेतलेल्या असत. आजच्या बॅले शाळांत अभिजात तंत्रावर भर असतो. लोकनृत्याचा ठसका आणि अभिनय यांना तेथे दुय्यम स्थान मिळते. त्यामुळे पावले जमली तरी पात्र उभे राहत नाही.

पुनरुज्जीवन

अमेरिकेतील जॉफ्री बॅलेने १९६९ मध्ये ‘ल त्रिकोर्न’ आणि १९७३ मध्ये ‘पराद’ हे बॅले स्वतः मासीन यांच्याकडून बसवून घेतले. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र लोर्का मासीन यांनी वडिलांच्या अनेक रचना पुन्हा उभ्या केल्या. द बाझिल यांच्या संस्थेतील माजी नर्तकी तात्याना लेस्कोवा या ब्राझीलमध्ये स्थायिक झाल्या होत्या. त्यांनी १९८९ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी ‘ले प्रेझाज’ आणि १९९१ मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेसाठी ‘कोरेआर्तियम’ बसविले. पिकासो यांच्या नेपथ्यामुळे ‘ल त्रिकोर्न’ व ‘पराद’ अधूनमधून दिसतात. जाहिरातीत मात्र बहुतेक वेळा चित्रकाराचे नाव आधी असते. १९८७ साली जॉफ्री बॅलेने ‘साक्र द्यू प्रेंतां’ संशोधनाच्या आधारे पुन्हा उभे केले, पण ते निजिन्स्की यांचे १९१३ चे, एकेकाळी सर्वांच्या विस्मरणात गेलेले रूप होते. आज मासीन यांच्या १९२० च्या रचनेपेक्षा तेच अधिक परिचित आहे.