टर्बोचार्जरचे जनक आल्फ्रेड ब्यूखी

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे एक तृतीयांश ऊर्जा इंजिनाच्या धुरावाटे वाया जाते. ही ऊर्जा पुन्हा इंजिनाच्याच कामी लावण्याची कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. ती यशस्वी झालेली पाहण्यासाठी मात्र त्यांना तब्बल वीस वर्षे वाट पाहावी लागली.

ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी विंटरथूर या औद्योगिक नगरात झाला. त्यांचे वडील तेथील सुल्झर या यंत्रनिर्मिती कंपनीत वरिष्ठ पदावर होते. झुरिचच्या संघीय तंत्रशास्त्र संस्थेतून १९०३ मध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून त्यांनी काही काळ बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये काम केले. १६ नोव्हेंबर १९०५ रोजी, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी आपल्या शोधाच्या पेटंटसाठी अर्ज केला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूने टर्बाइन फिरवावे, त्या टर्बाइनने हवा दाबणारे यंत्र चालवावे आणि ही दाबलेली हवा पुन्हा इंजिनात सोडावी, असे त्याचे स्वरूप होते. सिलिंडरमध्ये अधिक हवा गेली की अधिक इंधन जाळता येते आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते.

मायदेशी परतल्यावर ब्यूखी सुल्झर कंपनीत डिझेल इंजिनांच्या संशोधनात गुंतले. १९११ मध्ये तेथे प्रायोगिक यंत्र उभारण्यात आले. मात्र प्रखर उष्णता दीर्घकाळ सोसणारे धातू आणि कार्यक्षम संपीडक त्या काळी उपलब्ध नव्हते. १९१५ मध्ये त्यांनी मांडलेल्या प्रस्तावालाही फारसा प्रतिसाद मिळाला नाही. तरीही त्यांनी प्रयत्न सोडले नाहीत.

अखेर १९२० च्या दशकात जर्मनीतून संधी चालून आली. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन प्रवासी जहाजांवरील दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना ब्यूखी यांच्या देखरेखीखाली टर्बोचार्जर जोडण्यात आले. त्यामुळे प्रत्येक इंजिनाची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. दोन्ही जहाजे १९२६ मध्ये सेवेत दाखल झाली. याच सुमारास, १९२५ मध्ये, निरनिराळ्या सिलिंडरमधील धुराचे झोत एकमेकांना अडथळा न आणता टर्बाइनपर्यंत पोहोचवणाऱ्या रचनेचे पेटंटही त्यांनी घेतले. ही रचना पुढे ‘ब्यूखी पद्धती’ म्हणून ओळखली जाऊ लागली. झुरिचच्या संस्थेने १९३८ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट देऊन गौरवले. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूर येथे त्यांचे निधन झाले.

मोटारींमधील टर्बोचार्जरचा प्रसार ब्यूखी यांना पाहता आला नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत ‘ओल्ड्समोबिल जेटफायर’ आणि ‘शेव्हरोले कॉर्व्हेअर’ या मोटारींना तो बसवण्यात आला. पेट्रोल इंजिनात मात्र हवेचा दाब मर्यादेबाहेर गेला तर मिश्रण अवेळी पेटते, इंजिनातून ठोके ऐकू येतात आणि पिस्टनला हानी पोहोचते. हे टाळण्यासाठी जेटफायरच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. त्याची टाकी वेळोवेळी भरण्याकडे अनेक मालकांचे दुर्लक्ष झाले आणि १९६३ नंतर हे मॉडेल बंद पडले.

दाबाच्या नियंत्रणावर उपाय ठरली ती ‘वेस्टगेट’ नावाची झडप. ठरावीक दाब होताच ती उघडते आणि काही धूर टर्बाइनला वळसा घालून बाहेर जातो. १९७७ मध्ये सादर झालेल्या स्वीडनच्या ‘साब ९९ टर्बो’ने या झडपेच्या साहाय्याने रोजच्या वापरातील मोटारीत टर्बोचार्जर रुजवला. १९८० च्या दशकाच्या आरंभी याच कंपनीने ठोके ओळखणारा संवेदक वापरून दाब आपोआप कमी-अधिक करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणली. आजच्या मोटारींमध्ये हेच काम संगणकीय नियंत्रक करतो. या नियंत्रकातील नोंदी बदलून दाब वाढवणाऱ्यांना इंजिनाची सहनशक्ती ध्यानात घ्यावीच लागते.

भारतातही हे तंत्र दीर्घकाळ वापरात आहे. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून तयार झालेल्या ‘डब्ल्यूडीएम-२’ या रेल्वे इंजिनांची २,६०० अश्वशक्ती टर्बोचार्जरच्याच बळावर उभी होती. अनेक दशके देशभरातील गाड्या ओढणाऱ्या या इंजिनांमागे विंटरथूरच्या त्या चिकाटीच्या अभियंत्याची कल्पना होती.