न्यूटनचे मौन

केंब्रिजच्या ज्या महाविद्यालयात आयझॅक न्यूटन शिकला व पुढे फेलो झाला, त्याचे नावच ट्रिनिटी. म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे त्रैक्य. दैवाची थट्टा अशी की, बायबलच्या व चर्चच्या प्राचीन इतिहासाच्या कसून अभ्यासानंतर हे त्रैक्य मूळ धर्मात नव्हतेच, चौथ्या शतकात ते त्यात घुसडले गेले, अशी त्याची खात्री पटली. येशू त्याला वंदनीय होता. परंतु पित्याच्या बरोबरीचा परमेश्वर नव्हे. स्वतःच्या लेखी तो अस्सल ख्रिस्ती होता. चर्चच्या लेखी तो पाखंडी ठरला असता.

फेलोंना बंधनकारक असलेली धर्मदीक्षा १६७५ साली राजाने दिलेल्या सवलतीमुळे टळली. १६८९ च्या सहिष्णुता कायद्याने चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथांना मोकळीक दिली, पण त्रैक्य नाकारणाऱ्यांना तेवढे वगळून! १६९० मध्ये न्यूटनने त्रैक्याचा आधार मानलेली बायबलमधील दोन वचने प्रक्षिप्त असल्याचे दाखविणारा निबंध जॉन लॉक यांच्याकडे धाडला. तो छापण्याची सिद्धता झाली, तेव्हा त्यानेच ती थांबविली. १६९६ पासून तर तो सरकारी टांकसाळीचा अधिकारी होता.

केंब्रिजमध्ये त्याच्या जागी आलेल्या विल्यम व्हिस्टनने असेच मत उघडपणे मांडले. १७१० मध्ये विद्यापीठाने त्याला हाकलले. न्यूटनने ब्रही काढला नाही. भय समजण्याजोगे होते. तरीही हे मौन मनाला लागते.

१७२७ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत, त्याच चर्चच्या छायेत, त्याचे सन्मानाने दफन झाले. तो निबंध छापला गेला १७५४ मध्ये.