चांदीचा चिमटा

दुसऱ्या वर्षाचा सबमिशनचा आठवडा. रात्री दोनला आमच्या विंगमध्ये सगळे फाइली उतरवत जागे होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला. आत्याला ॲडमिट केलंय, डोक्यात रक्तस्राव झालाय, निघता आलं तर निघ. जर्नल तसंच कॉटवर टाकलं आणि पहाटेची एसटी पकडली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी आत्याच्या मेंदूतल्या धमन्यांचं चित्र दाखवलं. एका धमनीच्या भिंतीला छोटा फुगा आला होता. त्याला ॲन्युरिझम म्हणतात, आणि तो फुटला होता. आता कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावायचा. माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी फुगा, मान, चिमटा असं स्केचही काढून दिलं. मग विचारलं, गेल्या काही दिवसांत डोळ्याला काही त्रास होता का? होता. आठ दिवस आत्याची उजवी पापणी खाली पडत होती, एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या. आम्ही घरच्या घरी ठरवून टाकलं होतं की चष्म्याचा नंबर वाढला असणार. मी तर फोनवर, डोळा मारतेस का म्हणून तिची चेष्टा केली होती. ते अजून आठवलं की कसंतरी होतं.

परत आल्यावर अभ्यास सोडून एकच शोधत बसलो. हा चिमटा पहिल्यांदा लावला कोणी? नाव सापडलं, वॉल्टर डँडी.

डँडीचा जन्म १८८६ चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या सेडेलिया गावचा. वडील रेल्वेचं इंजिन चालवायचे. (तिकडे इंजिन ड्रायव्हरलाच इंजिनिअर म्हणतात, तेव्हा आपल्यातलाच म्हणायला हरकत नाही.) १९१० मध्ये तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाला आणि हार्वी कुशिंगच्या हाताखाली लागला. कुशिंग म्हणजे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा त्या काळचा सगळ्यात मोठा गुरू. पण दोघांचं जमलं नाही. १९१२ मध्ये कुशिंग बॉस्टनला गेला आणि डँडीला मागेच ठेवून गेला. पुढे १९२२ मध्ये डँडीनं एका ट्यूमरच्या शस्त्रक्रियेवर लेख लिहिला, त्यात कुशिंगच्या कामाचा उल्लेख नव्हता. गुरूनं संतापून पत्र पाठवलं. भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मला विचाराल तर चूक दोघांची होती, आणि त्या लेखाच्या बाबतीत डँडीची जास्त.

माणूस रागीटच होता. हाताखालच्यांना त्याची धास्ती असायची. पण शाळामास्तर, पाद्री आणि ज्यांच्याकडे पैसेच नाहीत अशांकडून तो फी घेत नसे, उलट कुणाकुणाला बाल्टिमोरला यायचे पैसे द्यायचा. डोकं तर अफाट. मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरायची आणि एक्स-रे काढायचा, ही युक्ती त्यानं १९१८ मध्ये काढली. हवा फिल्मवर वेगळी उठून दिसते आणि गाठ कुठे आहे ते त्यावरून कळतं. १९२३ मध्ये त्यानं ऑपरेशन झालेल्या पेशंटसाठी तीन खाटांची, चोवीस तास नर्स असलेली वेगळी खोली सुरू केली. आयसीयूची सुरुवात तिथली मानतात. आत्या ज्या काचेमागे अकरा दिवस होती, ती काच इतकी जुनी निघाली.

आता फुग्याकडे. सेकंड इयरचं थिन शेल आठवा. भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. फुगा वाढला की त्रिज्या वाढते आणि जाडी कमी होते, म्हणजे वरचा आकडा वर आणि खालचा खाली. फुटणार नाही तर काय! डँडीच्या आधी डॉक्टर गळ्यातली मोठी धमनीच बांधून दाब कमी करायचे, पण त्यात अर्ध्या मेंदूचा रक्तपुरवठा जायची आणि अर्धांगवायूची भीती. १९३१ मध्ये एडिंबरात नॉर्मन डॉटनं फुग्याभोवती मांडीच्या स्नायूचा तुकडा गुंडाळला. म्हणजे ट्यूबला बाहेरून ठिगळ.

२३ मार्च १९३७. डँडीसमोर ४३ वर्षांचा माणूस होता. एका डोळ्याची पापणी पूर्ण पडलेली. डोळा हलवणारी नस फुग्याखाली दाबली जाते, हे त्याला ठाऊक होतं, तेवढ्यावरून त्यानं निदान केलं. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर गेलो. जी खूण त्यानं १९३७ मध्ये ओळखली, ती आमच्या घरात आठ दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

त्यानं कवटी उघडली, फुगा शोधला आणि अगदी धमनीला लागून, मानेवर चांदीचा चिमटा दाबला. धमनी चालू, फुगा बंद. मग उरलेली पिशवी विजेच्या चटक्यानं आकसवून टाकली. पेशंट वाचला, काही महिन्यांत डोळाही सुधारला. आणि तो चिमटा कोणाचा? चांदीच्या चिमट्याची मूळ कल्पना कुशिंगची, १९११ ची! वाहणारं रक्त थांबवायला त्यानं ते केले होते. त्या दिवशी कुशिंग हयात होता, दोन वर्षांनी, १९३९ मध्ये गेला.

सगळंच काही डँडीला जमलं नाही. आत्याच्या शेजारच्या खाटेवर एक शाळकरी मुलगा होता, त्याची धमनी आणि शीर थेट एकमेकींना जोडलेल्या. मध्ये केशवाहिन्यांचं जाळंच नाही. इलेक्ट्रिकलवाल्यांच्या भाषेत रेझिस्टन्स काढून शॉर्ट केलेलं सर्किट. अशा गुंत्यांवर डँडीनं आणि कुशिंगनं १९२८ मध्येच, वेगवेगळं, लिहिलं होतं, आणि चाकू लावणं महाभयंकर असल्याचं मत दोघांचंही पडलं. निदान एका गोष्टीवर एकमत झालं म्हणायचं. त्या मुलावर मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन, आतून गोंदासारखं औषध सोडून उपचार झाले. फुग्यातही हल्ली तसंच नळीतून प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं भरता येतं, कवटी न उघडता. आत्याच्या फुग्याची मान रुंद होती म्हणून चिमटाच बरा, असं डॉक्टरांनी ठरवलं. चांदीऐवजी टायटॅनियमचा.

डँडी १९४६ मध्ये हृदयविकारानं गेला, साठाव्या वर्षी, जॉन्स हॉपकिन्समध्येच.

आत्याची पापणी वर यायला सहा-सात महिने लागले. रक्षाबंधनाला ती घरी आली, बाबांना राखी बांधली, मग माझ्याकडे वळून उजवा डोळा मुद्दाम मिटला आणि उघडला.