सोन्याच्या पाळण्याचं खूळ

उत्तर जर्मनीतल्या आंकर्सहागेन गावात पाळकाच्या घरामागे एक छोटं तळं होतं. मध्यरात्री त्यातून एक मुलगी चांदीचा वाडगा घेऊन वर येते, असं गावकरी सांगायचे. शेजारच्या टेकाडात म्हणे एका लुटारू सरदारानं आपलं मूल सोन्याच्या पाळण्यात घालून पुरलं होतं. पाळकाचा पोरगा हाइनरिश श्लीमान याच गोष्टींवर वाढला. वडील पैशांची रड सांगायला लागले की याचा प्रश्न ठरलेला. मग तो वाडगा नि पाळणा उकरून का काढत नाही?

१८२९ च्या नाताळात वडिलांनी त्याला इतिहासाचं पुस्तक दिलं. त्यात जळत्या ट्रॉयचं चित्र होतं. एवढे जाडजूड तट पार नाहीसे कसे होतील? मोठेपणी ते खणायचेच, असं जेमतेम आठ वर्षांच्या पोरानं ठरवून टाकलं.

पण चौदाव्या वर्षी शाळाच सुटली. पाच वर्षं किराणा दुकानात गेली. मग ॲमस्टरडॅमला कारकुनी. तिथे पठ्ठ्यानं मोठ्यानं वाचून, पाठ करून एकामागून एक भाषा शिकायचा सपाटा लावला. पुढे रशियात नीळ विकून तो गडगंज झाला.

१८७१ मध्ये तुर्कस्तानातल्या हिसारलिक टेकडीवर त्यानं खोदकाम सुरू केलं. ट्रॉय इथंच आहे, हे खरं तर फ्रँक कॅल्व्हर्ट यांनी त्याला पटवलं होतं. श्लीमानला घाई फार. होमरचं ट्रॉय अगदी तळाशीच असणार, असं धरून त्यानं टेकडीत मधोमध भलामोठा चर मारला. १८७३ मध्ये सोनं हाती लागलं. हा राजा प्रायमचा खजिना, असं त्यानं जाहीर केलं आणि सगळा माल गुपचूप अथेन्सला पळवला. ऑटोमन सरकारनं खटला भरला, तेव्हा पैसे मोजून प्रकरण मिटवलं. बायकोनं, सोफियानं, तो खजिना शालीत गोळा केला, असंही त्यानं लिहिलं. ती तेव्हा तिथं नव्हतीच!

आणि ते सोनं ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात, त्याच्या हजारेक वर्षं आधीचं निघालं. म्हणजे ज्या ट्रॉयसाठी एवढा आटापिटा केला, त्याचे थर साहेबांनी वरचेवर उपसून फेकून दिले होते.

आता गंमत अशी, की नाताळच्या पुस्तकाची गोष्टही त्याचीच. ती त्यानं छापली १८८० च्या सुमारास, म्हणजे जगभर नाव झाल्यावर. तरुणपणीच्या कागदपत्रांत त्या स्वप्नाचा मागमूस लागत नाही, असं अनेक अभ्यासक म्हणतात. मला विचाराल तर ट्रॉय मागाहून चिकटवलेलं असावं. पाळण्याचं खूळ मात्र अस्सल वाटतं, कारण त्यानं टेकडी खणली ती खजिना शोधणाऱ्या पोरासारखीच.

१८९० मध्ये तो नेपल्समध्ये वारला. त्याचं सोनं १९४५ मध्ये बर्लिनमधून गायब झालं आणि कित्येक दशकांनी मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात असल्याचं उघड झालं. ते कुणाचं, यावरून अजून वाद आहेच. आंकर्सहागेनचं ते घर आता श्लीमानचं संग्रहालय आहे. बाहेर ट्रॉयचा मोठा लाकडी घोडा उभा आहे. पाळणा काही अजून कुणाला सापडलेला नाही.