दोन वेटोळी आणि हेल्महोल्ट्झ



माझ्या बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. तिथली उरलेली तांब्याची तार आणून मी शाळेत एक प्रयोग केला. प्लॅस्टिकच्या डब्यावर दहा वेढे घेऊन वेटोळं केलं. ते दक्षिणोत्तर उभं करून दोन सेल व टॉर्चचा बल्ब जोडला. वेटोळ्याच्या मधोमध ठेवलेल्या होकायंत्राची सुई वळली. पण होकायंत्र दोन बोटं बाहेर सरकवलं की सुई कमी वळायची. मग गुरुजींनी तसंच दुसरं वेटोळं करायला लावलं आणि ही युक्ती काढणाऱ्या शास्त्रज्ञाची माहिती सांगितली. तीच मी लिहीत आहे.

हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे झाला. वडील शिक्षक होते. घरची परिस्थिती बेताची. हेर्मानला भौतिकशास्त्र शिकायचं होतं, पण तेवढा पैसा नव्हता. बर्लिनला सरकारी खर्चाने डॉक्टरकी शिकता येई. मात्र पुढे आठ वर्षं लष्करात नोकरी करावी लागे. त्यांनी ते पत्करलं. पण भौतिकशास्त्राची पुस्तकं वाचणं काही सोडलं नाही.

लष्करी डॉक्टर असतानाच, १८४७ साली, ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, असा निबंध त्यांनी लिहिला. एका नामांकित शास्त्रीय मासिकाने तो नाकारला. त्यांनी त्याची पुस्तिका छापली. आज तो नियम जगभर शिकवतात. १८४८ साली त्यांना लष्करातून लवकर मोकळीक मिळाली.

१८४९ साली त्यांनी दोन वेटोळ्यांची युक्ती मांडली. दोन्ही वेटोळी सारखी, समोरासमोर, आणि वीज एकाच दिशेने फिरणारी. वेटोळी फार जवळ असली तर मध्यभागी चुंबकीय जोर जास्त होतो. फार लांब असली तर मध्येच कमी पडतो. पण अंतर बरोबर त्रिज्येइतकं ठेवलं की मधल्या जागेत जोर जवळजवळ सगळीकडे सारखा राहतो. माझा डबा १० सेंटिमीटर रुंद, म्हणून मी वेटोळी ५ सेंटिमीटरवर ठेवली. आता होकायंत्र मध्यापासून बोटभर इकडेतिकडे सरकवलं तरी सुई तितकीच वळते! उपग्रहांवरची चुंबकीय यंत्रं तपासायला आजही अशी मोठमोठी वेटोळी वापरतात.

त्यांची डॉक्टरकीही वाया गेली नाही. बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो हे त्यांनी मोजलं. तो सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला. डॉक्टरांना डोळ्याच्या आत पाहता येईल असं यंत्रही त्यांनी १८५१ साली लोकांपुढे आणलं. शेवटी १८७१ साली, पन्नाशीला टेकल्यावर, ते बर्लिनमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. रेडिओलहरी दाखवून देणारे हाइन्रिश हर्ट्झ हे त्यांचेच शिष्य. ८ सप्टेंबर १८९४ रोजी हेल्महोल्ट्झ वारले.

सातवीनंतर मी पुढे शिकायचं की दुकानात बसायचं, हे घरी अजून ठरलेलं नाही. बाबा आज हे वाचतील. दुकानात मी जरूर हात लावीन. वेटोळं नीट गुंडाळायला मी बाबांकडूनच शिकलो. पण हेल्महोल्ट्झनी मिळेल ते काम करून आपला विषय धरून ठेवला, तसा मीही शिकणं सोडणार नाही.

— इयत्ता ७ वी